भिंत आपली, जाहिरात दुसऱ्याची

ऑगस्ट २०१८ मध्ये बंगळुरू शहराच्या रस्त्यांवर एक अनपेक्षित दृश्य दिसले. बेकायदा जाहिरातफलकांविषयी कर्नाटक उच्च न्यायालयाने महापालिकेला कडक शब्दांत सुनावले आणि चौकाचौकांतून, उड्डाणपुलांवरून व इमारतींच्या माथ्यांवरून हजारो फलक भराभर उतरू लागले. ज्या भिंती वर्षानुवर्षे दागिन्यांच्या, गृहसंकुलांच्या आणि पुढाऱ्यांच्या वाढदिवसांच्या चित्रांनी झाकून गेल्या होत्या, त्यांचा मूळ रंग लोकांना पुन्हा दिसला. गंमत अशी की, त्याच दिवसांत त्याच शहरातील कचेऱ्यांत बसलेले अभियंते एका निराळ्या भिंतीवर जाहिराती लावण्याची यंत्रणा अहोरात्र चालवीत होते. ही भिंत म्हणजे संगणकाचा आणि मोबाइलचा पडदा. तिच्यावरील फलक उतरविण्याची आज्ञा कोणी केली नव्हती, आणि तिची मालकी एखाद्या धनिकाकडेच असली पाहिजे असेही नव्हते. ज्याने स्वतःचे एखादे लहानसे संकेतस्थळ उघडले असेल, तोही अशा एका भिंतीचा मालक झालेला असतो.

अशी संकेतस्थळे आज असंख्य आहेत. कोणी निवृत्त शिक्षक मोडी लिपीचे धडे देतो, कोणी गृहिणी सणावारांच्या पाककृती लिहिते, कोणी तरुण अभियंता आपल्या विषयातील अडचणींची उत्तरे देतो. आरंभी ही हौस असते. संकेतस्थळाच्या नावासाठी दरवर्षी काही रक्कम भरावी लागते, आणि मजकूर ज्या यंत्रावर साठवावयाचा त्या यंत्रावरील जागेचे भाडेही द्यावे लागते. पुढे वाचक वाढतात, आणि निदान हा खर्च तरी निघावा, असे मालकाला वाटू लागते. येथे जाहिरातीचा विचार पुढे येतो. या उत्पन्नाविषयी दोन समजुती सर्वत्र आढळतात. घरबसल्या विनासायास संपत्ती मिळविण्याचा हा राजमार्ग होय, ही एक. आणि हा सगळा फसवणुकीचा बाजार होय, ही दुसरी. दोन्ही समजुती चुकीच्या आहेत. हा एक व्यापार आहे. त्याला नियम आहेत, हिशेब आहे आणि मर्यादाही आहेत. तो समजून घ्यावयाचा तर प्रथम एकच प्रश्न विचारावा लागतो: या व्यापारात विकले जाते ते नेमके काय?

वृत्तपत्रांच्या बाबतीत या प्रश्नाचे उत्तर सोपे होते. बाळशास्त्री जांभेकरांनी १८३२ साली 'दर्पण' सुरू केले, तेव्हापासून मराठी नियतकालिकांपुढे खर्चाची तोंडमिळवणी हा प्रश्न सतत उभा राहिला. वर्गणीदारांच्या पैशात छपाई व टपाल भागत नसे. ही तूट जाहिरातींनी भरून काढावयाची, हा मार्ग पुढे रूढ झाला. त्या व्यवहारात जागा विकली जाई. इतके स्तंभ, इतके इंच, अमुक पान, आणि त्याचा अमुक दर. व्यवस्थापक दुकानदाराला ओळखत असे, दुकानदार नियतकालिकाला ओळखत असे, आणि वाचकाला कोणी ओळखत नसले तरी तो कोणत्या प्रकारचा माणूस आहे याचा अंदाज दोघांनाही असे. तेलाची असो वा टॉनिकची, एका अंकातील जाहिरात सर्व वाचकांना सारखीच दिसे.

संगणकाच्या पडद्यावर आलेली पहिली जाहिरातही याच जुन्या वळणाची होती. ऑक्टोबर १९९४ मध्ये 'हॉटवायर्ड' या अमेरिकी संकेतस्थळावर एटी अँड टी या दूरध्वनी कंपनीची आडवी पट्टी झळकली. जागा ठरलेली, रक्कम ठरलेली, करार उभयपक्षी. भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सामान्य जनतेसाठी इंटरनेटची सेवा सुरू केली, तेव्हा हा धंदा बाल्यावस्थेत होता. या पद्धतीचा लाभ मोठ्या संकेतस्थळांना झाला. पण ज्याच्याकडे दिवसाला शंभर-दोनशे वाचक येतात, अशा माणसाशी करार करावयास कोणती कंपनी येणार? आणि तो तरी कोणाकोणाच्या दारी जाणार?

ही अडचण जून २००३ मध्ये दूर झाली. गुगल या कंपनीने 'ॲडसेन्स' नावाची योजना काढली. संकेतस्थळाच्या मालकाने अर्ज करावयाचा; अर्ज मंजूर झाल्यावर कंपनीने दिलेल्या काही सांकेतिक ओळी आपल्या पानात घालावयाच्या; त्यानंतर त्या जागी कोणाची जाहिरात दाखवावयाची हे कंपनीच्या यंत्राने ठरवावयाचे. प्रारंभी हे यंत्र पानावरील मजकूर पाही. पान गुलाबाच्या कलमांविषयी असेल तर खताची वा रोपवाटिकेची जाहिरात येई. जाहिरातदाराला सहस्रावधी लहान भिंती एकाच ठिकाणी मिळाल्या आणि लहान भिंतीच्या मालकाला न मागता भाडेकरू मिळाला. दोहोंच्या मध्ये एक प्रबळ आडत्या उभा राहिला. दुसऱ्याही काही कंपन्या हे काम करतात. पण व्यवहाराचे स्वरूप सामान्यतः हेच असते.

आडत्या म्हटले की लिलाव आलाच. बाजार समितीत शेतमालाच्या ढिगाभोवती व्यापारी जमतात आणि बोली लावतात, तसा लिलाव येथे प्रत्येक पान उघडताना होतो. वाचकाने पान उघडले की त्यातील रिकाम्या चौकटीची वर्दी बाजारात जाते, अनेक जाहिरातदारांच्या वतीने यंत्रे बोली लावतात, वरचढ बोली ठरते आणि जाहिरात पडद्यावर येते. डोळ्याची पापणी लवण्यास जेवढा वेळ लागतो तेवढ्यात हे सारे उरकते. म्हणून एकच पान दोन माणसांनी शेजारी बसून उघडले, तरी एकाला प्रवासी बॅगा दिसतात आणि दुसऱ्याला विम्याची योजना.

आडत्याचा वाटाही येथे ठरलेला आहे. जाहिरातदाराने मोजलेल्या रकमेपैकी सुमारे ६८ टक्के संकेतस्थळाच्या मालकाला मिळतात, असे गुगलने २०१० मध्ये जाहीर केले. २०२४ च्या आरंभापासून हा हिशेब दोन टप्प्यांत मांडला जातो. जाहिरातदाराकडील व्यवस्थेचे शुल्क आधी वजा होते आणि उरलेल्या रकमेचे ८० टक्के मालकाला दिले जातात. जाहिरातदार गुगलच्याच व्यवस्थेतून आला असेल, तर गोळाबेरीज पुन्हा ६८ टक्क्यांच्या आसपासच येते. पूर्वी वाचकाने जाहिरातीवर टिचकी मारली तरच मोबदला मिळण्याचा प्रकार प्रमुख होता. आता जाहिरात किती वेळा दिसली यावर आकारणी होते.

उत्पन्नाचे प्रमाण एका कल्पित उदाहरणावरून लक्षात येईल. समजा, बंगळुरूच्या मल्लेश्वरम भागात राहणारे एक मराठी गृहस्थ गच्चीवरील बागेविषयी मराठीत लिहितात आणि त्यांची पाने महिन्याला ३०,००० वेळा उघडली जातात. दर हजार वेळांमागे त्यांच्या पदरी ४० रुपये पडतात, असे धरू. महिन्याचे उत्पन्न १,२०० रुपये झाले. ॲडसेन्सच्या नियमाप्रमाणे खात्यात १०० डॉलर जमल्याशिवाय रक्कम हाती येत नाही. म्हणजे पहिली रक्कम बँकेत जमा होण्यास सात-आठ महिने लागावयाचे. या पैशात संकेतस्थळाच्या नावाचे शुल्क आणि जागेचे भाडे निघेल, कदाचित बागेसाठी चार कुंड्याही येतील. परंतु या भरवशावर नोकरी सोडणे शहाणपणाचे होणार नाही. वाचक दसपट झाले, तर उत्पन्नही त्याच प्रमाणात वाढू शकेल; मात्र वाचक दसपट करणे हे कित्येक वर्षांचे काम असते.

दर हजारी मिळणारी ही रक्कम सर्वत्र सारखी नसते. लिलाव म्हटला की बोली लावणारे किती आणि त्यांची गरज केवढी, यावर भाव ठरतो. कर्ज, विमा, शिक्षण, वैद्यकीय उपचार या विषयांत एक ग्राहक मिळाला तरी विक्रेत्याला मोठा लाभ होतो. म्हणून तेथे बोली चढते. कविता, लोककथा, पक्षिनिरीक्षण यांच्या पानांवर ती उतरते. वाचक अमेरिकेत बसून पान उघडीत असेल तर भाव एक, साताऱ्यात बसून उघडीत असेल तर दुसरा. भाषेचाही यात मोठा वाटा आहे. ॲडसेन्सने हिंदी पानांना डिसेंबर २०१४ मध्ये मान्यता दिली. मराठीची पाळी २०१८ मध्ये आली. तोपर्यंत केवळ मराठीत लिहिणाऱ्याला या बाजाराचे दार अधिकृतपणे बंदच होते. दार उघडल्यावरही मराठी वाचकासाठी मराठीतून जाहिरात करणारे विक्रेते थोडे, म्हणून बोली मंद. येथे एक गोष्ट स्पष्ट करणे अवश्य आहे. ही बोली म्हणजे लेखनाचे मूल्यमापन नव्हे. मोडीच्या धड्यांना कमी पैसे मिळतात ते धडे कमी प्रतीचे म्हणून नव्हेत, तर मोडी शिकणाऱ्याला काय विकावे हे व्यापाऱ्याला उमगलेले नसते म्हणून.

या बाजाराला शिस्तही आहे. स्वतःच्या पानावरील जाहिरातींवर स्वतः टिचक्या मारणे, मित्रमंडळींना तसे करावयास सांगणे किंवा पैसे देऊन खोटी रहदारी आणणे हे गैर समजले जाते. ते उघडकीस आल्यास खाते बंद होते आणि साचलेली रक्कमही जाते. पत्ता खरा आहे ना, हे पाहण्यासाठी खात्यात १० डॉलर जमले की कंपनी साध्या टपालाने एक कागद पाठविते, त्यावर एक क्रमांक असतो आणि तो खात्यात नोंदवावा लागतो. लिलाव जेथे क्षणार्धात होतात, तेथेही ओळख पटविण्यास शेवटी पोस्टमनच लागतो. दुसरी एक व्यवस्था २०१७ पासून रूढ झाली. प्रतिष्ठित संकेतस्थळांचे नाव सांगून भलतेच लोक जागा विकीत असत. त्यास आळा घालण्यासाठी, आपली जागा कोणकोणत्या आडत्यांनी विकावी याची यादी मालकाने आपल्याच संकेतस्थळावर उघडपणे ठेवावयाची, अशी पद्धत पडली. अधिकृत विक्रेत्यांची नावे दुकानाच्या दारावर लावण्यासारखाच हा प्रकार होय.

आता मूळ प्रश्नाकडे वळावयाचे. विकले जाते ते काय? हाच प्रश्न बंगळुरूत प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणापुढे मोठ्या गंभीरपणे लढविला गेला. गुगलची भारतीय कंपनी येथील जाहिरातदारांकडून पैसे घेई आणि त्यातील मोठा भाग आयर्लंडमधील भगिनी कंपनीकडे पाठवी. कंपनीचे म्हणणे असे की, हा जाहिरातीच्या जागेच्या विक्रीचा साधा व्यवहार आहे. प्राप्तिकर खात्याचे म्हणणे असे की, केवळ जागा विकली जात नाही. वाचकांविषयीची माहिती आणि त्यांच्यापर्यंत अचूक पोहोचणारे तंत्र वापरावयास दिले जाते, तेव्हा ही रक्कम स्वामित्वशुल्क ठरते आणि पाठविताना तिच्यातून कर कापला गेला पाहिजे. ऑक्टोबर २०१७ मध्ये न्यायाधिकरणाने खात्याची बाजू उचलून धरली. २०२१ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने प्रकरण फेरविचारासाठी परत पाठविले, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये त्याच न्यायाधिकरणाने ही रक्कम स्वामित्वशुल्क नव्हे असा निर्णय दिला. दरम्यान केंद्र सरकारने निराळी वाट काढली होती. परदेशी कंपन्यांना इंटरनेटवरील जाहिरातींसाठी दिल्या जाणाऱ्या रकमांवर जून २०१६ पासून ६ टक्के समानीकरण आकार बसविण्यात आला. १ एप्रिल २०२५ पासून तो रद्द झाला. लहान संकेतस्थळाच्या मालकाला या वादाची झळ थेट लागत नाही. त्याच्यापुरते इतके पुरे की, हे उत्पन्न कितीही लहान असले तरी ते उत्पन्नच आहे आणि विवरणपत्रात दाखविले पाहिजे. वस्तू व सेवा कराची नोंदणी मात्र सर्वसाधारणपणे वार्षिक उलाढाल २० लाख रुपयांवर गेल्याखेरीज लागत नाही.

कायद्याच्या दृष्टीने निर्णय काहीही झाला असो, त्या वादात एक व्यावहारिक सत्य उघड झाले. पडद्यावरील चौकटीला स्वतःचे मोल फारसे नाही. मोल आहे ते तिच्यापुढे बसलेल्या माणसाच्या लक्षाला, आणि तो माणूस कोण, कोठला, कशाच्या शोधात आहे या माहितीला. २००३ मधले यंत्र पान वाचीत होते. २००९ पासून गुगलचे यंत्र वाचकही वाचू लागले. त्याने पूर्वी कोणती पाने पाहिली याची खूण त्याच्याच संगणकात ठेवली जाते. तिला 'कुकी' असे खाद्यपदार्थाचे निरुपद्रवी नाव आहे. या खुणांवरून त्याच्या आवडीनिवडींचे टिपण तयार होते आणि लिलावात बोली लावताना ते वापरले जाते. वाचक संकेतस्थळाच्या मालकाला एक पैसाही देत नाही हे खरे. परंतु तो फुकट वाचतो असे म्हणता येत नाही.

याचे टोक कोठवर जाऊ शकते, याचे उदाहरणही बंगळुरूशी निगडित आहे. २००७ मध्ये स्थापन झालेली आणि या शहरात वाढलेली इनमोबी ही कंपनी मोबाइलवरील जाहिरातींच्या क्षेत्रात जगभर पसरली. तिचा व्यवहार व्यक्तिगत संकेतस्थळांशी नसून मुख्यतः मोबाइलमधील ॲपशी होता. परंतु माहितीचा प्रश्न दोन्हीकडे एकच. ग्राहकांनी आपले ठिकाण सांगण्यास नकार दिला असतानाही आसपासच्या वाय-फाय जाळ्यांवरून ते ठिकाण शोधले गेले आणि त्यात लहान मुलांसाठीची ॲपही होती, असा आरोप अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने केला. जून २०१६ मध्ये कंपनीने तडजोड करून ९,५०,००० डॉलरचा दंड भरण्याचे मान्य केले. दुसऱ्या बाजूस, खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला, त्या खटल्यातील अर्जदार न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी हे कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश आणि बंगळुरूचेच रहिवासी होते. २०१२ मध्ये त्यांनी अर्ज केला तो आधार योजनेच्या संदर्भात; पण निर्णयाची छाया आधारपुरती राहिली नाही. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. एकाच शहराने माहितीचा व्यापारही वाढविला आणि माहितीच्या हक्काचा लढवय्याही दिला.

लहान संकेतस्थळाच्या मालकाला यातून कोणता बोध घ्यावयाचा? पहिला असा की, भिंत आपली असली तरी तिच्यासमोर उभा राहणारा माणूस आपला भाडेकरू नव्हे, पाहुणा आहे. पान उघडताच चारी बाजूंनी जाहिराती अंगावर येऊ लागल्या, की पाहुणा पुन्हा फिरकत नाही. आपल्या पानावर कोणती माहिती गोळा केली जाते, ती कोणाकडे जाते, हे स्वच्छ शब्दांत लिहून ठेवणे हा औपचारिकतेचा नव्हे, सभ्यतेचा भाग आहे. काही प्रकारच्या जाहिराती आपल्या पानावर नकोत, असे कळविण्याची सोय मालकाला असते. पुष्कळांना ती ठाऊक नसते, आणि मग आयुर्वेदावर साक्षेपाने लिहिणाऱ्याच्या पानावर आठ दिवसांत वजन उतरविणाऱ्या चूर्णाची भलावण झळकते.

दुसरा बोध अधिक सूक्ष्म आहे. पैसे कोणत्या विषयाला मिळतात हे एकदा कळले, की लेखणी त्या विषयाकडे वळू लागते. बागेविषयी लिहिणारा गृहस्थ हळूहळू गृहकर्जाविषयी लिहू लागतो. त्याला गृहकर्जातले काही कळते म्हणून नव्हे, तर तेथे बोली चढी आहे म्हणून. मथळे भडक होतात आणि एका पानात मावणारा मजकूर पाच पानांवर पसरतो. पुढची पायरी म्हणजे विक्रेत्याकडून पैसे घेऊन त्याच्या मालाची स्तुती लेखाच्या रूपाने करणे. यासाठी मुंबईच्या भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये आणि केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्याने जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक नियम घालून दिले आहेत. मोबदला घेऊन केलेली शिफारस ही जाहिरात आहे, असे ठळकपणे सांगितलेच पाहिजे, हा त्यांचा गाभा. नियम नसता, तरी सदसद्विवेकबुद्धीने हेच सांगितले असते.

हा बाजार स्थिर नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. वाचक बहुधा शोधयंत्रामार्फत येतात, आणि शोधयंत्राने आपली रीत बदलली की एका रात्रीत रहदारी आटते. अलीकडे तर शोधयंत्रे प्रश्नाचे उत्तर स्वतःच रचून देऊ लागली आहेत, आणि ज्या पानांतून ते उत्तर उचलले गेले, तेथे जाण्याचे वाचकाला पुष्कळदा कारण उरत नाही. भिंत आपली, परंतु तिच्याकडे येणारा रस्ता दुसऱ्याचा, अशी ही स्थिती आहे. म्हणून सुज्ञ मालक एकाच आडत्यावर विसंबत नाही. जवळच्या रोपवाटिकेची वा पुस्तकविक्रेत्याची जाहिरात थेट बोलणी करून घेणे, नियमित वाचकांकडून ऐच्छिक वर्गणी स्वीकारणे, आपल्या लेखांचे पुस्तक काढून विकणे, अशा वाटा तो जोडीला ठेवतो. यांत पैसा कदाचित हळू येतो, पण देणारा आणि घेणारा एकमेकांना ओळखतात. जुन्या नियतकालिकांच्या काळातील ती ओळख यंत्राच्या लिलावात हरवली होती. ती या मार्गाने काही अंशी परत मिळते.

जाहिरातीचे उत्पन्न त्याज्य नाही. त्यामुळे असंख्य माणसांना आपले ज्ञान विनामूल्य लोकांपुढे ठेवता आले, आणि पदरमोडीमुळे बंद पडली असती अशी पुष्कळ संकेतस्थळे चालू राहिली. मात्र या व्यापारातले भांडवल म्हणजे वाचकाचा विश्वास होय, आणि तेवढीच एक वस्तू अशी आहे की जिचा भाव लिलावात पुकारला जात नाही. बंगळुरूच्या भिंतींवरील फलक उतरविण्यास उच्च न्यायालयाचा हुकूम लागला. आपल्या संकेतस्थळाच्या भिंतीवर काय लावावे आणि काय लावू नये, हे मात्र मालकाने न्यायालयाची वाट न पाहता स्वतःच ठरवावयाचे आहे.